चार दिवसांची ज्येष्ठता

निवृत्त माणसाने यादीला हात लावू नये. महाडच्या पंचायत समितीतून बाहेर पडताना हे मला कोणी सांगितलं नाही. शाल दिली, नारळ दिला, साहेबांनी भाषणात माझं शरद हे नाव दोनदा शशिकांत असं घेतलं, पण हा एवढा साधा सल्ला कोणाला सुचला नाही. आस्थापना शाखेत बत्तीस वर्षं मी प्राथमिक शिक्षकांच्या ज्येष्ठता याद्या केल्या. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली आणि का, हे ठरवता ठरवता डोक्यावरचे केस गेले. दोघे एकाच दिवशी रुजू झाले असतील तर वयाने मोठा तो ज्येष्ठ, हे वाक्य मी झोपेतसुद्धा बोलत असे, असं कालिंदी सांगते. कालिंदी माझी बायको. ती बऱ्याच गोष्टी सांगते आणि दुर्दैवाने त्या खऱ्या निघतात.

आमची एकुलती एक मुलगी श्रुतिका विमान चालवते. उजव्या खुर्चीत बसून चालवते. डावी खुर्ची कॅप्टनची. जावई ओंकारराव हेही सहवैमानिक. दोघं एकाच संस्थेत शिकली, एकाच दिवशी, म्हणजे ३ जून २०१९ला, नोकरीवर रुजू झाली, फक्त वेगवेगळ्या विमान कंपन्यांत. मग एका कंपनीने दुसरी विकत घेतली. नवरा-बायको आयतीच एका कंपनीत आली म्हणून आम्ही देवापुढे साखर ठेवली. दोन कंपन्या एक झाल्या की वैमानिकांच्या दोन याद्यांचीही एक यादी करावी लागते, हे देवाच्याही लक्षात आलं नसावं.

सहा मार्चला श्रुतिकाचा फोन आला. तात्पुरती ज्येष्ठता यादी लागली होती. हरकती वीस मार्चच्या सायंकाळी पाचपर्यंत. हे शब्द कानावर पडताच मी खुर्चीत ताठ बसलो. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत माझ्याशी कोणी असं बोललं नव्हतं.

"नंबर?" मी विचारलं.

"आठशे सेहेचाळीस."

"आणि ओंकाररावांचा?"

"आठशे सत्तेचाळीस."

यात अडचण अशी होती की यंदा पहिल्या आठशे सेहेचाळीस जणांनाच कॅप्टनचं प्रशिक्षण मिळणार होतं. बाकीच्यांना नवी विमानं आल्यावर. नवी विमानं लवकरच येणार होती. लवकरच या शब्दाचा मला अनुभव आहे. आमच्या कार्यालयाची नवी इमारत लवकरच होणार होती, ती माझ्या अख्ख्या नोकरीत झाली नाही.

"नियम काय लावलाय?"

"रुजू झाल्याची तारीख. ती सारखी असली तर वय."

"मग बरोबर आहे! तू अठ्ठावीस मेची, ते एक जूनचे. चार दिवसांनी तू मोठी. चोख यादी आहे."

कालिंदी शेजारी तांदूळ निवडत होती. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, "हो का?" म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. तिला आनंद झाला असेल, असं मी धरून चाललो.

त्या संध्याकाळी मी गल्लीत पेढे वाटले. वरच्या मजल्यावरच्या महिपतींनी पेढा घेतला, पण तोंड गोड केलं नाही. ते एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. "शरदराव, हे प्रकरण सोपं नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे दोन युनिटं एक केली, तेव्हा मी माझ्याच हाताखालच्या माणसाच्या हाताखाली गेलो. आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. शिफ्टच्या बसमध्ये एक पुढे बसायचा, एक मागे. आणि तुमच्याकडे तर एकाच घरात आहे." एवढं सांगून ते आणखी एक पेढा घेऊन वर गेले.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण चांगली यादी पाहिली की दाद दिल्याशिवाय मला राहवत नाही. मी मुख्य वैमानिकांना पत्र लिहिलं. 'महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर की, आपण प्रसिद्ध केलेल्या यादीतील समान रुजू दिनांकाबाबतचे वयाचे तत्त्व अत्यंत योग्य असून त्यात कोणताही बदल करू नये.' पुढे दोन किरकोळ सूचना केल्या: शेवटी 'शेरा' असा एक रकाना ठेवावा आणि यादी कार्यालयाच्या दर्शनी भागावर डकवावी. खाली सही, हुद्दा, हुद्द्यापुढे 'निवृत्त', आणि स्पीड पोस्ट.

चौथ्या दिवशी श्रुतिकाचा फोन. आवाज खालचा. "बाबा, तुम्ही आमच्या ऑफिसला पत्र पाठवलंत?"

"पोचलं का? छान."

"मला बोलावून घेतलं होतं. दर्शनी भाग म्हणजे काय, असं विचारत होते. बाबा, प्लीज. यापुढे काही पाठवू नका."

मी काही वाईट वाटून घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण रक्तदाबाची गोळी घेऊन पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात येसाजीराव उभे. येसाजीराव आमचे व्याही. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. चार तुकडे भाताचे, थोडी नाचणी, काजूची झाडं. एका हातात ओल्या काजूंची पिशवी, दुसऱ्या हातात टोपी. पाणी प्यायले, चहा प्यायले, श्रुतिकाची चौकशी केली. बोलायचं काहीतरी होतं, पण ते बाहेर यायला तासभर लागला.

"व्याहीबुवा, आमच्या वंकारची तारीक चुकलेली हाय. गुरुजींनी शालंत घालताना जूनची एक टाकली. समद्यांचीच टाकायचे. त्यो खरा अखितीच्या दिशी झालेला. मे म्हैन्यात. तुमी कागदातलं मानूस, कायतरी लिवून द्या."

मी सावध झालो. अखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. १९९४ साली ती तेरा मेला होती. मी नंतर पाहिलं. तेरा मे लागली तर ओंकारराव वर, आमची खाली, आणि रेषेच्या पलीकडे.

"पण येसाजीराव, यादीत एक वर गेला की दुसरा खाली जातो," मी म्हणालो.

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली. "सूनबाय खाली नको जायला," ते म्हणाले. "दोघं एका नंबरावर नाय का ऱ्हात?"

"नाही राहत."

"मंग आवगड हाय. पन पोरगा दोन दीस निसता गप बसलाय ओ फोनवर. त्येचं खरं असंल ते तरी बघा."

व्याही दारात काजू घेऊन येतो, तेव्हा नाही म्हणता येत नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, मला पुरावा मिळणार नाही याची खात्री होती. बत्तीस वर्षं मी लोकांना जन्मतारखेचे पुरावे मागितले आणि बत्तीस वर्षं लोक ते शोधत फिरले. तेव्हा मोठ्या निःपक्षपाती चेहऱ्याने मी म्हणालो, "मी स्वतः येतो. दप्तर तपासू. दप्तर बोलेल ते खरं."

आतून कालिंदीने भांडं आपटलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

एसटीने पोलादपूर, तिथून वर जाणारी जीप. मी मागच्या बाकावर, गुडघ्यांवर कोणाचं तरी खताचं पोतं. प्रत्येक वळणावर पोतं माझ्याकडे आणि मी शेजारच्या बाईंकडे. त्या शेवटी म्हणाल्या, "आजोबा, धरून बसा की नीट." मला चौसष्ट वर्षांत कोणी अनोळखी माणसाने आजोबा म्हटलं नव्हतं.

आधी शाळा. मुख्याध्यापिका भल्या बाई, कपाट उघडून जुनं रजिस्टर दिलं. सन २००० मध्ये पहिलीत चौदा मुलं दाखल झाली होती. त्यांतली अकरा एक जूनला जन्मलेली. दोन जणांची दोन जून; लिहिता लिहिता गुरुजींना स्वतःचाच संशय आला असावा. चौदाव्या मुलाच्या तारखेवर झुरळाने काम केलं होतं. ओंकारराव अकरांत होते.

मग ग्रामपंचायत. ग्रामसेवक मिटिंगला गेलेले. दीड तास पायरीवर. ते आले, त्यांनी जन्म-मृत्यूची वही काढली, धूळ झटकली, ती सगळी माझ्या सदऱ्यावर आली. एप्रिल १९९४ची पानं होती. पुढचं पान ऑगस्टचं. मधले तीन महिने त्या गावात कोणी जन्मलं नव्हतं की मेलं नव्हतं.

"तेव्हाचे ग्रामसेवक लांब रजेवर होते म्हणे," ते म्हणाले.

"बदली माणूस?"

"ते लवकरच येणार होते."

मी वही मिटली. चेहरा जमेल तितका दुःखी केला, पण आत काय चाललं होतं ते मला ठाऊक आहे. येसाजीराव माझ्याकडे आशेने पाहत होते. "नाय ना मिळत?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"घरला चला. जेवून जा," ते म्हणाले.

घरी बनुबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, जेवायला वाढायच्या आधीच पत्र्याची पेटी ओढून पुढ्यात ठेवली. "ह्यांना काय सुचत नाय," नवऱ्याकडे पाहून त्या म्हणाल्या. "पत्रिका हाय की पोराची! भटजीनं केलेली. बघा भाऊ." प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी घडी काढली. वैशाख शुद्ध तृतीया, स्वच्छ लिहिलेलं.

मी चष्मा काढला. अशा वेळी चष्मा काढायचा असतो, ही कार्यालयातली सवय. "विहीणबाई, पत्रिका हा पुरावा धरत नाहीत."

"का वो?"

"कोणीही कसलीही करून आणेल. ती भटजीकडची तारीख. दाखल्यावरची ती खरी, पत्रिकेतली नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत मी एकही पत्रिका मान्य केली नाही." येसाजीरावांना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून मी तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हटलं. शेजारच्या अंगणातल्या दोघी ऐकायला कुंपणापाशी आल्या, म्हणून तिसऱ्यांदाही म्हटलं.

बनुबाई हिरमुसल्या. घडी परत पिशवीत घालताना पिशवीतून दुसरा कागद निसटून खाली पडला. चारी कोपऱ्यांना कुंकू लावलेलं. "ही सूनबायची," त्या म्हणाल्या. "लगीन ठरताना तुमीच धाडली व्हती."

कागद येसाजीरावांनी उचलला. सातवीपर्यंत शिकलेले, ओळीखाली बोट धरून वाचतात. मला बसल्या जागेवरूनच अक्षर ओळखू आलं. माझंच होतं. आमच्या कार्यालयात माझ्या अक्षराचं कौतुक होतं. 'चि. श्रुतिका. जन्म : दिनांक १४ जुलै १९९४, पहाटे ५ वाजून १० मिनिटे, महाड.'

येसाजीरावांचं बोट तारखेखाली थांबलं.

आता सांगतो. सन २००० मध्ये श्रुतिकाला शाळेत घालताना वय कमी पडत होतं. वर्ष वाया जाणार होतं. हेडमास्तर म्हणाले, एक जून टाका, सगळे टाकतात. पण मी आस्थापनेचा माणूस. एक जून ही तारीख बघताक्षणी खोटी कळते. मी विचार करून अठ्ठावीस मे टाकली, खरी दिसावी म्हणून. पुढे त्या तारखेवर तिचा दाखला झाला, दहावीचं प्रमाणपत्र झालं, पासपोर्ट झाला. दरवर्षी अठ्ठावीस मेला मी तिला शुभेच्छा द्यायचो आणि चौदा जुलैला कालिंदी शिरा करायची. शिरा कशाबद्दल, हे विचारायचं मी हळूहळू सोडून दिलं. एकदा शाई वाळली की तारीख खरी होते, असं मी इतक्या लोकांना सांगितलं होतं की मलाही ते पटलं होतं. पण पत्रिका जुळवायची तर खरी वेळ लागते. ग्रहांपुढे खोटं कसं चालणार? तेव्हा मी खरी तारीख लिहून दिली होती. स्वतःच्या हाताने, टाकाच्या निबेने.

ओंकारराव माझ्या मुलीपेक्षा दोन महिन्यांनी मोठे होते. ते त्या घरात लग्नाआधीपासून सगळ्यांना माहीत होतं. येसाजीराव माझ्याकडे आले, तेव्हाही माहीत होतं. पोराचं खरं करून द्या एवढंच म्हणाले होते. सुनेचं खोटं आहे, असं त्यांच्या तोंडून एकदाही आलं नव्हतं.

येसाजीरावांनी कागदाची घडी जुन्याच खुणांवर घातली.

"ही बी पुरावा नाय ना?" त्यांनी विचारलं. आवाजात काहीच नव्हतं, टोमणाही नाही. असता तर बरं झालं असतं.

"नाही," मी म्हणालो.

"मंग ठेव गो पेटीत," ते बनुबाईंना म्हणाले. "भाऊंना वाढ. भूक लागली आसंल."

मला लाज वाटली. इतकी की घास गिळेना. ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी, आणि व्याह्याच्या घरी पानात टाकता येत नाही, म्हणून दोनदा वाढून घेतली.

संध्याकाळी घरी पोचल्या पोचल्या मी कालिंदीला म्हणालो, "श्रुतिकाची तारीख..."

"चौदा जुलै," ती म्हणाली. "मी होते तिथे."

मी ठरवलं, हरकत घ्यायची. माझ्या मुलीच्या नंबरावर मीच. रात्रंदिवस खपून मसुदा केला. पाच परिशिष्टं जोडली. तो स्कॅन करून पाठवायला चवदार तळ्याजवळच्या हर्षदच्या झेरॉक्सच्या दुकानात निघालो, तो दिवस वीस मार्च. वीस मार्चला तळ्यावर कुठून कुठून माणसं येतात, रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. जन्म महाडात गेला आणि हे माझ्या लक्षात राहू नये, यात दुसऱ्या कोणाची चूक नाही. तासाभराने दुकानापाशी पोचलो. हर्षद दुकानाबाहेर टेबल टाकून आलेल्यांना पाणी देत होता.

"काका, आज स्कॅनिंग नाही. आणि ती हरकत ताईंच्या पासवर्डशिवाय जातच नाही. हे घ्या, पाणी घ्या."

मी पाणी प्यायलो आणि त्याच्या टेबलाआड उभं राहून श्रुतिकाला फोन लावला. साडेचार वाजले होते. सगळं सांगितलं. पेटी, पत्रिका, येसाजीरावांचं बोट.

"पासवर्ड दे," मी म्हणालो.

"बाबा, मी माझ्याच विरुद्ध हरकत घेऊ?"

"खरं ते खरं."

ती दमलेल्या माणसासारखी हसली. "माझा परवाना त्या तारखेवर आहे. पासपोर्ट, मेडिकल, सगळं. ती बदलायला निघाले तर वर्षभर जमिनीवर बसेन, आणि खोटी तारीख दिली म्हणून परवाना जाईल तो वेगळाच. सहा वर्षांच्या मुलीने तारीख निवडली नव्हती बाबा."

"ओंकारराव काय म्हणतात?"

"त्याला पहिल्यापासून माहीत आहे. म्हणतो, तू जा, मी येतो मागून. पण परवा ताटावरून तसाच उठला."

"श्रुतिका, मी..."

"आता गर्दी आहे तिकडे, ऐकू येत नाही नीट. घरी जा, गोळी घ्या."

पाच वाजले. मुदत संपली. मुदत संपल्यावर आलेली किती लोकांची पत्रं मी न उघडता परत पाठवली असतील, याचा हिशेब त्या टेबलाआड उभं राहून करू नये असं वाटलं.

एप्रिलमध्ये अंतिम यादी आली. आठशे सेहेचाळीस, आठशे सत्तेचाळीस. एका रकान्याचाही बदल नाही. हो, एक बदल होता. शेवटी 'शेरा' असा रकाना घातला होता. सगळा रिकामा. महिपतींनी वरून खाली येऊन अभिनंदन केलं, गल्लीने हार आणला. मी तो गळ्यात घालून घेतला आणि पेढे मात्र महिपतींकरवी वाटले.

येसाजीरावांना फोन करायचा, असं मी रोज ठरवत होतो. रोज काहीतरी निघायचं. लाइट जायची, पाणी यायचं. मेचा शेवटचा आठवडा आला. अठ्ठावीस तारखेला सकाळी मी मोबाइल हातात घेऊन बसलो होतो, श्रुतिकाला शुभेच्छा द्याव्यात की नाही हे कळत नव्हतं, तेवढ्यात तोच वाजला. पोलादपूरहून.

"व्याहीबुवा," येसाजीराव मोठ्याने म्हणाले, डोंगरात रेंज कमी म्हणून. "आज सूनबायचा सरकारी वाडदिवस ना?"

"येसाजीराव, ती तारीख मी..."

"ठाव हाय मला. तुमी लय इचार करून टाकलीत. आमचं गुरुजी बिचारं साधं मानूस, त्येंची अक्कल जूनच्या एकलाच सपली." ते मनापासून हसले. पाठीमागे बनुबाई काहीतरी सांगत होत्या. "हां, हां, सांगतो. आवो, हिनं शिरा केलाय. सूनबायचा आज, नि पोराचा चार दिसांनी. तवर शिरा काय ऱ्हात नाय, म्हनून दोघांचा एकाच परातीत केला. तुमी या. आमी थांबलोय."